गडी राखून

एकदा एक शिष्य असा काही जिंकला, की त्याच्या गुरूला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. मी उलटं सांगतोय असं वाटेल तुम्हाला. नाही, बरोबर सांगतोय. हरल्यावर रडणारे मी पुष्कळ पाहिले. शिष्याच्या विजयाने हादरलेला गुरू मात्र हा एकच ऐकला, आणि ऐकला तेव्हा मीसुद्धा बराच वेळ आ वासून बसलो होतो.

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या माथ्यावर देवराई होती. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी आपल्या मर्जीने उचलायची नाही. पण रान म्हटलं की भांडणं आलीच. झऱ्याचं पाणी कुणी किती वळवायचं, हिरडा कुणी वेचायचा, मेंढरं कुठवर न्यायची, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात. ही भांडणं त्या गावात चावडीवर मिटत नसत आणि देवळातही मिटत नसत. ती मिटत आबा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात, एका खेळाच्या पटाभोवती. विश्वास बसत नाही ना? बाहेरून येणाऱ्या कुणाचाच बसत नसे.

खेळाचं नाव रानपट. सागवानाची जाड फळी, आबांच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेली, आणि तिच्यावर कोरलेली चौकोनी घरं, पाणी कुठून निघतं त्याची खूण, पाखरांच्या आणि जनावरांच्या वाटा. खेळायला चार जण लागत. एकाकडे पाणी, त्याच्या सोंगट्या कवड्या. दुसऱ्याकडे पाखरं, त्या लाल गुंजा. तिसऱ्याकडे जनावरं, ते सागरगोटे. चौथ्याकडे झाडं, म्हणजे आपले साधे चिंचोके. ज्याने त्याने आपापल्या पाळीला सोंगट्या मांडायच्या आणि रान वाढवायचं. झाडांनी चहूबाजूंनी वेढलेलं पाणी आटलं असं धरायचं आणि ती कवडी उचलायची. पाणी नसेल तिथून पाखरू उडालं, जनावर मेलं. झाड मात्र तग धरतं, कारण त्याला मुळं असतात. ज्याची एकही सोंगटी पटावर उरली नाही त्याने उठायचं. आणि उन्हं कलली की डाव थांबवायचा. ज्याची घरं जास्त, तो जिंकला.

अजून एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा. पाळीचा एक खडा असे. आपली चाल झाली की तो खडा शेजारच्याच्या तळहातावर ठेवायचा. हातात खडा आल्याशिवाय सोंगटीला बोट लावायचं नाही. आणि डाव सुरू होताना आबा दर वेळी एकच वाक्य बोलत, "गडी राखून जिंका हो!"

आता हे वाक्य तुम्हाला काही नवीन नाही. 'पाच गडी राखून विजय' हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि चहाचा घोट घेऊन पान उलटतो. काय वाचलं, कुणाला विचार करायचाय!

आबांच्या शिष्याचं नाव होतं निवृत्ती. नाव निवृत्ती, पण जिंकण्याची हाव अशी की मुंगीशी शर्यत लावली तरी जीव तोडून पळेल. मुलगा हुशार होता, यात वादच नाही. आबांकडे रानपट शिकायला म्हणून त्याने घर सोडलं, लग्न लांबवलं, भावाच्या वाट्याला शेत सोडून दिलं. कारण आबांना मूलबाळ नव्हतं, डोळे अधू होत चालले होते, आणि गावाची रीत अशी की पट ज्याच्या अंगणात, देवराईचा निवाडा त्याच्या अंगणात. त्या जागेला गावात गादी म्हणत. निवृत्तीला ती गादी हवी होती. ती मिळाली नाही तर मागे परतायला त्याला घरही उरलेलं नव्हतं.

शेवटी आबांनी दिवस नेमला. अक्षय्य तृतीयेला एक डाव मांडायचा, आणि तो बघून गादीचं काय ते ठरवायचं. निवृत्तीसमोर बसायला गावातली तीन जाणती माणसं बोलावली. झऱ्याखालच्या खाचरांची मालकीण येसूआत्या पाण्याला बसली. हिरडा आणि मध घेणारे व्यापारी अंबाशेठ पाखरांना बसले. बिरू धनगर जनावरांना बसला. निवृत्तीने झाडं मागून घेतली. आबा खांबाला टेकून बसले आणि नेहमीचं वाक्य बोलले, "गडी राखून जिंका हो!"

निवृत्ती मनाशी हसला. त्याने कुणालाच न सांगता एक युक्ती शोधून ठेवली होती. पाखरांच्या मागे लागायचं नाही, जनावरांच्या मागे लागायचं नाही. फक्त पाणी धरायचं. पाणी गेलं की बाकीचे आपोआप जातील, आणि तग धरून राहतील ती झाडं.

आणि झालंही तसंच. त्याने पहिल्या पाळीपासून कवड्यांभोवती चिंचोके मांडायला सुरुवात केली. येसूआत्या आधी हसली, मग गप्प झाली, मग पदराने मान पुसायला लागली. एकेक कवडी वेढली जात होती आणि उचलली जात होती. शेवटची कवडी उचलताना निवृत्तीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्या उठली. मग गुंजा उडाल्या आणि अंबाशेठ उठले. मग सागरगोटे मेले आणि बिरूही मुंडासं झटकत उठला. डोक्यावरचं ऊन अजून कललंही नव्हतं, आणि पटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चिंचोके होते. निवृत्तीचा स्वतःचा एकही चिंचोका मेला नव्हता. असा डाव त्या गावात कुणी कधी पाहिला नव्हता.

"आबा!" निवृत्तीचा आवाज आनंदाने फाटला होता. "बघितलंत?"

"बघितलं," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ऊन आहे अजून. खेळ की पुढे."

"पुढे? आता काय पुढे? मी जिंकलो."

"डाव उन्हं कलल्यावर थांबतो. खडा कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"मग शेजारच्याला दे."

शेजारी येसूआत्याचा पाट होता आणि तो रिकामा होता. निवृत्तीने जरा ओशाळं हसत खडा पाटावर ठेवला. आबा म्हणाले, "आता पाळी फिरून तुझ्यापर्यंत येईल तोवर थांब." आणि ते डोळे मिटून बसले. निवृत्ती थांबला. खडा पाटावर पडून होता. पाळी यायची तर आत्याने, शेठनी नाहीतर बिरूने, कुणीतरी तो खडा त्याच्या हातात द्यायला हवा. तिघंही कुंपणाजवळ उभी राहून वहाणा पायात घालत होती. निवृत्तीच्या हे हळूहळू ध्यानात आलं. एवढं सगळं रान त्याचं होतं आणि त्याला एक चिंचोका हलवता येत नव्हता.

"मी आता यायची न्हाई आबा," कुंपणाजवळून आत्या म्हणाली. "पान्याचं काय करायचं ते मी माझं बघंन." अंबाशेठनी नुसता नमस्कार केला. बिरूने तोही केला नाही.

मग आबा उठले. त्यांनी पट उचलला, चिंचोके अंगणभर सांडले. भिंतीला लावलेला कोयता घेतला आणि पहिला घाव फळीच्या मधोमध घातला. खाडकन आवाज झाला. दुसऱ्या घावाला फळी उभी चिरली. निवृत्तीला वाटलं आपण स्वप्नात आहोत. आबांनी ते तुकडे चुलीत सारले, वर चहाचं आधण चढवलं आणि फुंकणीने फुंकर घातली. जुनं वाळलेलं सागवान ते, बघता बघता पेटलं.

"आवं आबा! आवं काय करतायसा!" बिरू ओरडत मागे धावला. आत्याने तोंडावर हात ठेवला होता. अंबाशेठ "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत राहिले. आणि निवृत्तीने, वेड्यासारखा, जळत्या चुलीत हात घातला. एक ढलपी हाताला लागली, तीही पेटलेली. बोटं भाजली, ढलपी खाली पडली, आणि तो मार खाल्लेल्या पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्या तिघांनाही तेच वाटलं. पिढ्यान् पिढ्यांचा पट आणि त्याच्यावर चहा! मला तर हे ऐकताना राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आबांनी आधी निवृत्तीच्या बोटांवर कोरफड पिळली. मग चहा गाळला, गुळाचा. एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"घे. जिंकलास ना? जिंकणाऱ्याला चहा द्यायला नको?"

"आबा, पट जाळलात!" निवृत्ती हुंदके देत म्हणाला. "माझी गादी जाळलीत!"

"मी फळी जाळली. गादी या तिघांच्या बुडाखाली होती, बाबा. तू त्यांना उठवलंस. मला एक सांग. गडी राखून जिंक म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो. तू त्यातून काय समजलास?"

"हेच की आपली एकही सोंगटी मरू द्यायची नाही. आज एकसुद्धा मेली नाही, आबा!"

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. बिरूला त्या प्रसंगातही हसू आलं.

"अरे, सोंगटीला आपण सोंगटी म्हणतो. गडी म्हणजे चिंचोका होय रे? गडी म्हणजे माणूस. खेळगडी. समोर बसलेला. तो राखायचा आणि मग जिंकायचं. हा पट काय आपण वेळ जात नाही म्हणून मांडतो? आत्याचं आणि बिरूचं पाण्यावरून वाजतं, शेठचं आणि आत्याचं हिरड्यावरून. चिडून का होईना, ती इथे समोरासमोर बसतात. दिवसभर एकमेकांची चाल बघतात, म्हणून संध्याकाळी एकमेकांचं ऐकतात. त्यांना बसतं ठेवायचं, एवढंच या अंगणाचं काम. झाडाने पाणी प्यावं, त्यात पाप नाही. पण पाणी संपवून मोठं झालेलं झाड मी अजून पाहिलेलं नाही. तुझी झाडं तग धरून उभी होती, ठीक. पण कुणाच्या आधारावर, आणि किती दिवस? ती तिघं उठल्यावर माझ्या अंगणात उरली ती एक फळी. आणि फळीचा चहा होतो."

माझं मत विचाराल तर चूक आबांचीही होती. एक शब्द इतकी वर्षं पोराच्या कानावर घातला, पण एकदाही फोडून सांगितला नाही. आम्ही शिक्षक मंडळी हे फार करतो. आपल्याला कळलेलं समोरच्यालाही कळलंय, असं धरून चालतो. पण ते असो.

निवृत्तीने चहा प्यायला नाही. तो कप बाजूला सारून म्हणाला, "मी पट पुन्हा आखतो. इथेच, जमिनीवर." कोळसा घेऊन तो सारवलेल्या अंगणात वाकला. आधी झाडांची बाजू आखली, झरझर, एकही रेघ न चुकता. मग पाण्याच्या बाजूला आला आणि हात थांबला. पाणी पहिल्यांदा कुठल्या घरातून निघतं? कुठे वळतं? पाखरांची आडवी वाट कुठून जाते? त्याला आठवेना. डोळे ताणून आठवलं, तरी आठवेना. इतकी वर्षं तो रोज त्या पटापुढे बसला होता आणि स्वतःच्या घरांपलीकडे त्याने काही पाहिलंच नव्हतं. पट जळाल्याचा धक्का मोठा होता, पण मंडळी, हा त्याहून मोठा होता. तो कोळसा हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो येसूआत्याच्या घरामागच्या परड्यात गेला. आत्या शेणी थापत होती. हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले.

"कशाला आलास? अजून उठवायचं ऱ्हायलंय का कोन?"

"आत्या," निवृत्ती खाली मान घालून म्हणाला, "पटावर पाणी कुठून निघतं?"

आत्याचा हात हवेतच राहिला. "म्हंजी? इतकी वर्सं समोर बसलास, आन् तुला ठाऊक न्हाई?"

"नाही."

"अरं माझ्या कर्मा!" आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. रागवायला आली होती, पण राग धरायला तिला जागाच सापडेना. "डोळं हायेत का बटनं रं तुला?"

ती येणार नव्हती. तसं तिने तीनदा बजावलं. पण कुणीतरी आपलं पाणी चुकीचं आखतोय हे काही तिला सहन होईना, म्हणून हात धुऊन, बडबडत, ती आबांच्या अंगणात आली आणि कोळसा हिसकावून घेतला. शेठनाही तसंच आणलं. पाखरांची वाट निवृत्तीने इतकी वेडीवाकडी आखली होती, की शेठ कपाळाला आठ्या घालून स्वतःच खाली बसले. बिरूला तर बोलावावं लागलंच नाही. तो वाटेवरून जाताना डोकावला आणि म्हणाला, "जनावरं काय उडत येत्यात व्हय पान्यावरनं? सरक." दुपारपर्यंत पट उभा राहिला. चौघांची बोटं काळी झाली होती.

आणि मग डाव मांडला.

इथे निवृत्तीने दुसरी चूक केली, आणि ही चूक तुम्ही-मी नक्की केली असती. येसूआत्याची कवडी वेढण्याची चाल समोर होती, तरी त्याने चिंचोका मुद्दाम लांब टाकला. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. गडी राखायचे ना? मग राखतोय! तिसऱ्या वेळी आत्याने मूठभर कवड्या उचलून त्याच्या अंगावर भिरकावल्या.

"भीक घालतोस व्हय रं मला?"

निवृत्ती दचकून मागेच सरकला. त्याने मदतीच्या आशेने आबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आबा म्हणाले. "काल तू तिला माणसातून उठवलंस आणि आज लेकरात मोजतोयस. तिला काय हवंय ते तिलाच विचार."

त्याने खरंच विचारलं. "आत्या, कसं खेळू?"

"नीट खेळ. दात-ओठ खाऊन खेळ. फकस्त मी हितं बसलेय ह्ये इसरू नगंस."

मग तो खेळला. कवड्या वेढल्या, पण वेढताना तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती कुठून निसटणार याचा अंदाज घेत राहिला, आणि ती खरंच निसटली तेव्हा नकळत "वा!" म्हणून गेला. बिरूने शिव्या दिल्या, शेठ दोनदा चाल मागे घ्यायला बघत होते, त्यांना सगळ्यांनी मिळून पकडलं. खडा या हातातून त्या हातात फिरत राहिला. मधेच आत्या बिरूला म्हणाली, "ह्ये बघ, वरल्या अंगानं मेंढरं आनलीस तर माझं पानी गढूळ हुतं." आणि बिरू पटाकडे बघत म्हणाला, "मंग खालनं आनतो." झऱ्याचं वर्षभर चिघळलेलं भांडण ते. कुणाच्या लक्षातही आलं नाही की ते मिटलं.

उन्हं कलली. घरं मोजली. निवृत्तीच जिंकला होता, थोडक्यात का होईना. तिघंही आपापल्या पाटावर बसलेली होती, आणि तिघांच्याही कपाळाला आठ्या होत्या, हरल्याच्या. कुणी त्याचं कौतुक केलं नाही. आत्या तर जाताना पाट जरा जोरातच भिंतीला लावून गेली.

ती गेल्यावर आबांनी विचारलं, "काय रे, जिंकलास का आज?"

निवृत्ती भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत रिकाम्या अंगणाकडे पाहत राहिला.

"ठाऊक नाही, आबा," तो म्हणाला. "उद्या कळेल."

आबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. अधू डोळ्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नसावा, पण ते बराच वेळ पाहत होते. गादीचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि निवृत्तीनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती अंगण झाडून, पाट मांडून बसला. सकाळ गेली. कुणी आलं नाही. त्याने पुसट झालेल्या रेघा पुन्हा काळ्या केल्या. जेवायची वेळ टळली, घास काही गेला नाही. आबा आत आडवे झाले होते. त्याला वाटलं, संपलं. तो पाट उचलायला उठणार, इतक्यात कुंपणाबाहेर दोन माणसं एकमेकांवर खेकसत असल्याचा आवाज आला, आणि त्यांच्याही वरताण तिसरा, बायकी आवाज.

"काल म्या चुकले म्हनून जितलास," येसूआत्या अंगणात पाय टाकत म्हणाली. मागे बिरू होता, त्याच्या मागे अंबाशेठ. "आज बघते तुझ्याकडं. सरक तिकडं, बसू दे मला."

निवृत्ती सरकला. त्याने कवड्या तिच्यापुढे केल्या. आतून आबांचा आवाज आला. ते जागेच होते.

"निवृत्ती, आजपासून डाव सुरू करायचं वाक्य तू बोलायचंस रे."

मंडळी, घरात असो, धंद्यात असो, भावाभावांत असो, जिंकायला कुणाची ना नाही. फक्त काल आपण ज्याला हरवलं, तो आज आपल्या दारात भांडायला तरी येतो का, तेवढं एकदा बघून ठेवा.